चाल एक, गाणी अनेक



गेल्या साली आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी परीक्षक होतो. सातवीतल्या एका मुलीने स्वतः रचलेले गाणे म्हटले. आई पहाटे द्राक्षांच्या खुडणीला जाते, मग घरी धाकट्या भावाला कोण सांभाळतं, असे त्यात होते. शब्द तिचे, चाल मात्र गावात नेहमी ऐकू येणाऱ्या एका भीमगीताची. मी गुण कापले. शेरा लिहिला, 'चाल स्वतःची नाही.' शेजारच्या शिक्षकांनी मान डोलावली.

परतताना एस.टी.त मला जमैका आठवला. हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक. तिथल्या रेगे संगीतात ठेका आणि खर्जातली सुरावट मिळून जो साचा होतो, त्याला 'रिडिम' म्हणतात. एका रिडिमवर दहा गायक दहा निराळी गाणी म्हणतात. 1974 साली रुपी एडवर्ड्‌स या निर्मात्याने एकाच रिडिमवरची निरनिराळ्या गायकांची गाणी एका तबकडीत भरली. 1985 सालच्या 'स्लेंग टेंग' रिडिमवर तर पुढे शेकडो गाणी झाली. ऐकणारा कंटाळत नाही. ठेका ओळखीचा, म्हणून कान थेट नव्या शब्दांकडे जातो. (मूळ वाजवणाऱ्यांना मात्र पहिल्या दिवसाच्या मजुरीपलीकडे बहुधा काही मिळत नसे, तीही बाजू आहे.)

आता आपल्याकडे पाहा. जात्यावरच्या ओवीची चाल कोणाची? खुंटा फिरतो त्या फेऱ्याने ती बांधलेली. सासूने म्हटली, सुनेने उचलली. पण एकीचे दुःख दुसरीच्या ओवीत तसेच्या तसे येत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखावर ओव्या जमवल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव-गावही टिपले. मला हे दुसरे काम अधिक मोठे वाटते.

आणि वामनदादा कर्डक तर आपल्याच सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे. 1943 साली त्यांनी पहिले गीत केले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर! जुन्या गाण्यांच्या पुस्तिका काढून बघा. गाण्याच्या डोक्यावर 'चाल :' असे लिहून दुसऱ्या गाण्याचे नाव उघड छापलेले असे. त्यात चोरी कसली? जी चाल सगळ्यांना येते, तीवर गाणे रचले की ते दुसऱ्या दिवशी वाडीवस्तीवर पोचते. नवी चाल शिकवायला पेटीमास्तर कुठून आणायचा?

हे सारे मी वर्गात शिकवतो, बरं का. आणि खुर्चीवर बसल्यावर नेमके तेच विसरलो.

गुरुजनहो, आपल्या शाळेत असे गाणे आले तर वहीत उतरवून घ्या. वर चालीचे नाव लिहा, खाली मुलीचे. मी त्या शाळेत पुन्हा जाऊन आलो. गुणपत्रिका सापडली. तिच्यावर स्पर्धकांचे नुसते क्रमांक होते. तिचा सात.