पदवीनंतरचे एक वर्ष

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नूतन पदवीधरांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या तरुण-तरुणींचा येथे सत्कार झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. अशा प्रसंगी उपदेशाचे चार शब्द बोलण्याचा प्रघात आहे. परंतु उपदेशाऐवजी अलीकडे आपल्या पुष्कळ घरांतून उपस्थित होऊ लागलेल्या एका प्रश्नाचा विचार आपणांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे. पदवी हाती पडताच नोकरीधंद्याला लागावे, की वर्ष-सहा महिने देश पाहून मग लागावे? मुले हा प्रश्न विचारतात, वडील गप्प बसतात, आई उठून स्वयंपाकघरात जाते, आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

वडिलांच्या त्या मौनाचा अर्थ प्रथम समजून घेतला पाहिजे. आपल्या जालना जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबे शेतीवर किंवा शेतीच्या आधाराने चालणाऱ्या व्यापारावर जगत आली आहेत. मोसंबीचे रोप लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे जातात. २०१२ च्या दुष्काळात अशा कित्येक बागा पाण्यावाचून उभ्या वाळल्या. ज्या घराने हे पाहिले, त्या घराला मुलांचे शिक्षण म्हणजे दुसरी बागच होय. ती फळावर आली असे वाटते न वाटते तोच मुलगा म्हणतो, 'अजून एक वर्ष थांबा.' अशा वेळी बाप गप्प बसला, तर त्याला जुनाट म्हणणे न्यायाचे नाही.

परंतु मुलांचा पक्षही पोकळ नाही. एकदा नोकरी लागली की रजा मोजून मिळते. पुढे लग्न, घराचे हप्ते, आईवडिलांचे आजारपण. मोकळे वर्ष पुन्हा येत नाही. शिवाय एका वर्षाने आयुष्य बुडते असेही नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेलासुद्धा खुल्या गटातील उमेदवारास वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत बसण्याची मुभा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील, घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ चा. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी लग्नाच्या मांडवातून प्रयाण केले, नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तप व अध्ययन केले, आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षे देशभर भ्रमण केले, असे परंपरा सांगते. त्या काळच्या दुष्काळाने व राजकीय धामधुमीने गांजलेला लोक त्यांनी पायी हिंडून पाहिला. मग ते कृष्णाकाठी स्थिर झाले आणि १६४८ मध्ये चाफळचे राममंदिर उभे राहिले. आधी अध्ययन, मग प्रवास, मग कार्य, असा हा क्रम आहे. प्रवासाच्या अलीकडे तयारी होती आणि पलीकडे काम होते. म्हणून मधली बारा वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणत नाही.

तथापि या कथेची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. समर्थ देश हिंडत असता जांबेच्या घरी त्यांच्या मातोश्री राणूबाई वाट पाहत होत्या, आणि त्या घराचा भार वडील बंधू गंगाधरपंत वाहत होते. त्यांना लोक 'श्रेष्ठ' म्हणत. जो प्रवासाला निघतो त्याच्यामागे कोणी तरी घर सांभाळीत असते. तेव्हा प्रत्येक पदवीधराने प्रथम हे पाहावे की आपल्या घरी असा श्रेष्ठ आहे काय? की ते श्रेष्ठपण आपल्याकडेच आले आहे? ज्याच्यामागे शिकणारी भावंडे आहेत आणि वडील थकले आहेत, त्याने आधी चूल पेटती ठेवावी. प्रवास दोन वर्षांनीही करता येतो. उलट ज्या घरात हात आहेत आणि पोटाची चिंता नाही, त्या घराने केवळ 'लोक काय म्हणतील' म्हणून मुलांना अडवू नये.

देश पाहणे हे काही वेळा कामाचाच पहिला भाग असते. १९१५ मध्ये महात्मा गांधी आफ्रिकेतून परतले, तेव्हा नामदार गोखल्यांनी त्यांना एक वर्ष देशात हिंडून परिस्थिती पाहण्याचा सल्ला दिला. गांधीजींनी तो मानला आणि ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून फिरले. परंतु यावरून घरी राहणाऱ्याचे जीवन संकुचितच होते, असा अर्थ कोणी काढू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यातच महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. माणूस जालन्यात राहिला, बियाणे देशभर फिरले.

तात्पर्य, प्रवास की नोकरी, याला सर्वांस लागू पडेल असे एकच उत्तर नाही. मात्र निघणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, कर्ज. शैक्षणिक कर्जाची फेड सामान्यतः शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. परंतु व्याज त्या वर्षातही चढत असते. ज्यावर असे कर्ज आहे त्याने आधी कमवावे. दुसरी, तारीख. परतण्याचा दिवस निघण्यापूर्वी ठरवावा व घरी सांगावा. नोकरीचे पत्र हाती असेल तर रुजू होण्याची मुदत लेखी मागून घ्यावी. मान्य केलेले काम किंवा ठरलेले लग्न अर्ध्यावर टाकून निघणे हे समर्थांचे अनुकरण नव्हे. तिसरी, हेतू. काय पाहणार, कोणाकडून काय शिकणार, हे दोन ओळींत सांगता आले पाहिजे.

आणि मुलींविषयी एक शब्द. मुलाने प्रवासाचे नाव काढले की आपण पैशांचा हिशेब करतो. मुलीने काढले की स्थळांचा. हा पंक्तिप्रपंच आता थांबावा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, वैद्यकीच्या शिक्षणासाठी पतीला सोबत न घेता अमेरिकेस गेल्या. त्यानंतर जवळजवळ दीड शतक लोटले. आपल्या मुली नागपूर-हैदराबादपर्यंत एकट्या जाऊ नयेत, हे आपणांस शोभत नाही. कर्ज, तारीख आणि हेतू या कसोट्या दोघांनाही सारख्याच लावाव्यात.

शेवटी मंडळास एक सूचना. या कामी निधी उभारण्याची गरज नाही. आपल्या ज्ञातीची कुटुंबे ठिकठिकाणी वसली आहेत. जी कुटुंबे एखाद्या पदवीधर मुलास वा मुलीस आठ दिवस घरी ठेवून घेतील, आपला कारखाना, दुकान, शेत वा शाळा दाखवतील, त्यांची नावे मंडळाने लिहून ठेवावीत आणि जाणाऱ्यास ओळखपत्र द्यावे. मोबदला एवढाच, की परत आल्यावर त्याने पुढील संमेलनात येथे उभे राहून पाहिलेले सांगावे. ते ऐकण्यास त्याचे गप्प बसलेले वडील सर्वांच्या आधी येऊन बसतील, याविषयी आम्हांस शंका नाही.