वारेचा पडदा आणि सरकारचा पैसा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बाळंतपणानंतर वार पुरून टाकायची, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. त्याच वारेचा एक पातळ पडदा भाजलेल्या जखमेवर पट्टीसारखा ठेवतात. वेदना कमी होतात आणि खालून नवी कातडी धरायला मदत होते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतकपेढी आहे. दान आलेला हा पडदा, हाडं तिथं तपासतात, सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून घेतात. त्यासाठीचं ट्रॉम्बेचं ‘आयसोमेड’ केंद्र 1974 साली सुरू झालं, ते दवाखान्यात लागणाऱ्या वस्तू निर्जंतुक करायला. चौदा वर्षांनी ते ऊतकपेढीच्या कामी आलं. दोन्हींच्या मागं केंद्राचा अणुऊर्जा विभाग, म्हणजे तुमचाआमचा पैसा.

ऊस कारखान्याला घातला की त्याच हंगामात बिल निघतं. संशोधनाचं तसं नसतं, म्हणून तिथं सरकारनंच दम धरावा लागतो. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र असंच सरकारी पैशावर उभं आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना तिथून पेशी मिळतात. तरीही 2020-21 साली देशाच्या शंभर रुपये उत्पन्नातले फक्त 64 पैसे संशोधनावर गेले, सरकारी आणि खासगी मिळून.

खरं संशोधन सावकाश चालतं, जाहिराती मात्र जोरात. स्टेम सेलनं गुडघे, मधुमेह, अर्धांगवायू बरा करतो म्हणणारे लाखांनी पैसे मागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही आजारांखेरीज बाकी सगळा वापर अजून प्रयोग आहे. आणि प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून जमीन विकण्याआधी दोन प्रश्न विचारा: ही चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदली आहे का? आणि प्रयोग असेल, तर पैसे कशाचे?

आमदार-खासदार गावात आले की आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या संशोधनासाठीही एकदा पैसे मागू या. आज समोर बसलेल्या पोरांपैकी कुणी उद्या तिथं काम करायला गेलं, तर त्याला रिकामी प्रयोगशाळा दिसू नये, एवढंच मागणं.