शिर्डीच्या वॉटर पार्कला जाताना जेवायचं कुठं?

सुट्टी लागली की नाशिकमधल्या घराघरांत शिर्डीचा बेत ठरतो. सिन्नरमार्गे दीड-दोन तासांत पोहोचता येतं. आजी-आजोबांना दर्शन, मुलांना वेट एन जॉय वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे थीम पार्क. भांडण होतं ते जेवणावरून!

निघण्याआधी मिसळीचा मोह नाशिककराला आवरत नाही. पण तर्रीदार मिसळ चापून घसरगुंडीवर चढणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. पोहे किंवा उपमा बरा. अशा पार्कांमध्ये बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे तान्ह्या बाळाचं खाणं, आजोबांचं पथ्य आणि जेवायला बाहेर जाऊन परत आत येता येतं का, हे तिकीट काढण्याआधीच विचारा. दुपारी एकच्या ठोक्याला सगळ्यांनाच भूक लागते. साडेअकराला किंवा अडीचनंतर जेवलात तर रांग बरीच टळते.

संध्याकाळी मात्र माझं मत साई संस्थानच्या प्रसादालयाला. पोळी, भाजी, वरण, भात. साधं, गरम आणि लहानथोर सगळ्यांना चालणारं. २००९ साली इथे ७३ सौर तबकड्या बसवल्या. त्या सूर्यकिरण एकवटून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो. मुलांना हे आवर्जून सांगा. गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दी धरूनच चला.