पंप हवा, माशाला वाटही हवी



पुराच्या विषयात माशांचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी माणसांचाच हिशेब मांडतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईतील कित्येक वस्त्या मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल आहेत. अशा वेळी नाल्याचे पाणी समुद्रात उतरत नाही. उलट समुद्रच नाल्यात शिरतो. यावरचा उपाय १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात आला होता. नाल्याच्या तोंडाशी दरवाजे बसवायचे आणि ते बंद असताना आतले पाणी पंपाने उपसून बाहेर टाकायचे. २००५ च्या प्रलयानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, गझदरबंध अशा ठिकाणी ही केंद्रे उभी राहिली. तिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उपसतो. हे पंप हवेतच. त्याविषयी वाद नाही.

पण ज्या पावसात आपण पंप सुरू करतो, त्याच पावसात मासाही प्रवासाला निघतो. कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून, शेतांतून वर येणारे चढणीचे मासे सर्वांना ठाऊक आहेत. त्यालाच आपण वलगण म्हणतो. जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत, खाजणात शिरतात. अहीर मासा याच्या उलट. वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुराबरोबर समुद्राकडे उतरतो.

आता अडचण पाहा. वर जाणारे पिल्लू भरतीबरोबर येते आणि आपला दरवाजा नेमका भरतीला बंद होतो. खाली उतरणारा मासा पुराबरोबर येतो आणि पुराची वाट नेमकी पंपातून जाते. तिथे वेगाने फिरणारी पाती त्याला कापतात. अहीर लांब असल्यामुळे तो पात्यांतून सुटणे अधिकच कठीण. पाती चुकली तरी पाण्याचा दाब एकाएकी बदलतो आणि पोटातील हवेची पिशवी फुटते. कचरा अडवणाऱ्या जाळीशी पाण्याचा वेग फार असला, तर मासा तिलाच चिकटून मरतो.

यावर उपाय आहेत. हॉलंड देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. तो पंपांवरच जगतो. तरीही तिथे माशाला सुखरूप पार करणारे पंप बसवले जातात. मोठ्या व्यासाचे, थोड्या पात्यांचे आणि सावकाश फिरणारे चक्र हा एक प्रकार. आर्किमिडीजचा मळसूत्री पंप हा दुसरा. त्यात मासा पाण्याच्या ओंजळीत बसून वर येतो. मात्र मळसूत्राच्या पुढच्या कडा बोथट हव्यात, आणि त्याला जागाही पुष्कळ लागते. युरोपीय संघाने तर २००७ साली नियमच केला. माणसाचा हात लागला नसता तर जितके अहीर समुद्राला पोहोचले असते, त्याच्या वजनाने निदान ४० टक्के तरी पोहोचावेत, असे उद्दिष्ट ठेवले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पुराचा धोका नसताना खाडीवरचे दरवाजे उघडे ठेवून माशांना वाट देतात. त्याला पंप बदलावा लागत नाही. राखणदाराला वेळापत्रक द्यावे लागते.

आपली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून निघते, कांदरपाड्यावरून जाते आणि मनोरी खाडीला मिळते. डोंगर आणि खाडी यांच्यामधली ही एवढीशी वाट. ती शेणाने आणि सांडपाण्याने भरली, तर कितीही चांगला पंप आणा, पाण्यात प्राणवायूच नसेल तेथे मासा येणार नाही. म्हणून नदी स्वच्छ करणे हे पहिले काम. आणि उद्या या काठी दरवाजा किंवा पंप बसवायचे ठरले, तर दुसरे काम आपले, नागरिकांचे आहे. निविदा निघण्यापूर्वीच विचारायचे की यातून मासा जिवंत पार होईल का, जाळीपाशी त्याला बाजूने वाट आहे का, आणि ओहोटीला दरवाजा केव्हा उघडणार? पंप एकदा बसला की पिढीभर चालतो. मागाहून तो बदलायला पैसा निघत नाही. आरंभी विचारलेला प्रश्न मात्र फुकट असतो.

घरात पाणी शिरू नये हा आपला हक्क आहे. तो बजावताना, आपल्याआधीपासून या पाण्यातून ये-जा करणाऱ्याची वाट बुजू नये, एवढेच सांगायचे होते.