सिम्युलेटरचे देखावे : बारकाव्यांची काटकसर



वैमानिकास जमिनीवर बसवूनच उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या यंत्रास सिम्युलेटर म्हणतात. त्याच्या खिडकीतून दिसणारी धावपट्टी, पूल व मनोरे ही सर्व संगणकाने रेखाटलेली चित्रे होत. संगणक प्रत्येक वस्तू लहान लहान त्रिकोणांनी घडवितो. चित्र सेकंदास 60 वेळा बदलावयाचे, तर एका चित्रास सुमारे 17 मिलिसेकंदांचाच अवधी मिळतो. त्रिकोण बेसुमार वाढले की चित्र अडखळते, आणि अशा चित्रावर विमान उतरविण्याचा सराव नीट होत नाही.

पॅरिस येथील आयफेल मनोऱ्याचे उदाहरण घ्यावे. 1889 साली पुऱ्या झालेल्या या मनोऱ्यात लोखंडाचे 18,038 भाग व सुमारे 25 लाख रिव्हेट आहेत. प्रत्येक भाग साध्या पेटीसारखा घडविला, तरी पेटीस 12 या हिशेबाने 2,16,456 त्रिकोण होतात; रिव्हेट निराळेच. आजचे संगणक एवढा भार पेलतात हे खरे. परंतु देखाव्यात मनोरा एकटा नसतो, त्याच्याभोवती सबंध शहर असते.

यावरील उपाय जत्रेतील नाटकाच्या नेपथ्यकारास परिचित आहे. तो राजवाड्याची जाळीदार गवाक्षे कोरीत बसत नाही. ती पडद्यावर रंगवितो. त्याचप्रमाणे मनोऱ्याचे पाय, कमानी व मजले त्रिकोणांनी घडवावेत आणि मधल्या कैच्यांची जाळी सपाट पृष्ठावर चित्ररूपाने चढवावी. गजांमधील मोकळी जागा पारदर्शक ठेवावी. अशा एका पृष्ठास दोनच त्रिकोण पुरतात. पृष्ठावर चित्र चढविण्याची ही रीत एडविन कॅटमल यांनी 1974 साली आपल्या प्रबंधात मांडली. 1976 साली जेम्स क्लार्क यांनी दुसरा मार्ग दाखविला : एकाच वस्तूच्या ढोबळ व बारीक अशा अनेक प्रतिकृती ठेवून अंतरानुसार योग्य ती दाखवावी. आडव्या 1920 बिंदूंच्या पडद्यावर 60 अंशांचा देखावा मांडला, तर 10 सेंटिमीटर जाडीचा गज पावणेदोनशे मीटरांच्या आसपास एका बिंदूएवढा होतो. त्यापलीकडे त्याचे कंगोरे घडविणे व्यर्थ होय.

मात्र या काटकसरीस मर्यादा आहे. दूरच्या वस्तूसाठी चित्र सरासरीने लहान केले जाते, तेव्हा बारीक गज व विजेच्या तारा पारदर्शकतेत विरून जातात. हेलिकॉप्टरच्या वैमानिकास तर याच तारा घातक ठरतात. प्रत्यक्षातही तार सहसा वेळेवर दिसत नाही, म्हणून त्यास आधी खांब हेरण्याचे शिकविले जाते. तेव्हा देखाव्यात खांब ठळक राखावेत, आणि तारेचे चित्र विरले तरी टकरीच्या हिशेबातून तार कधीही वगळू नये. अन्यथा शिकाऊ वैमानिक तारांमधून निर्धास्तपणे पार होईल आणि तीच सवय घेऊन खऱ्या विमानात बसेल.

सारांश, कोणता बारकावा रंगवावा हे संगणकाच्या शक्तीवरून ठरवावे. कोणता राखावा हे मात्र वैमानिकाच्या सुरक्षिततेवरूनच ठरले पाहिजे.