लेकीला नवोदयला धाडताना

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या पालक मेळाव्यात आम्ही उभयतांनी मांडलेले विचार)



आम्ही काही वक्ते नाही. आमची मुलगी जवाहर नवोदय विद्यालयाच्या परीक्षेत निवडली गेली आणि सहावीपासून तेथे शिकते आहे, म्हणून समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. ती निवडली गेल्यापासून लोक आम्हाला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "क्लास कोणता लावला होता?" आणि दुसरा, "पोरीला एवढ्या लांब ठेवायचे धाडस कसे झाले?" मुलगा नवोदयला लागला तर लोक पेढे मागतात, हा दुसरा प्रश्न त्याच्या आईबापाला कोणी विचारत नाही. आज आम्ही दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणार आहोत, पण जास्त बोलणार आहोत ते दुसऱ्यावर.

आधी शाळेविषयी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या शाळा उभ्या राहिल्या. अगदी पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये सुरू झाल्या, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जरची आणि दुसरी आपल्या अमरावतीची. आज देशात अशा साडेसहाशेहून अधिक शाळा आहेत. सहावी ते बारावी, मुले-मुली एकत्र, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सर्व शाळेकडून. नववीपासून जो विद्यालय विकास निधी घेतात, तो मुलींना माफ आहे. म्हणजे मजुरी करणाऱ्या घरातली मुलगीसुद्धा पैशासाठी मागे राहू नये, अशी ही योजना आहे.

आता जागांचे गणित समजून घ्या, कारण येथेच आपली माणसे फसतात. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. किमान एक-तृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण आहेच. पण ग्रामीण कोणाला म्हणायचे? ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केली, तो ग्रामीण. या तीन वर्षांत मूल थोडे दिवस जरी शहरातल्या शाळेच्या पटावर गेले, तरी ते शहरी धरले जाते.

आणि आपल्याकडे काय होते? मुलगी हुशार दिसली की आईबाप पोटाला चिमटा काढतात आणि चौथीला तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात. हेतू चांगला, पण तालुक्याचे ते गाव नगरपालिकेचे असले तर तेवढ्यानेच मुलगी त्या ६० जागांतून बाहेर पडते. राहिल्या २० जागा, आणि त्यांत शहरातली मुले असतात, गुणवत्तेने वर आलेली गावातलीही असतात. तेव्हा सांगणे एवढेच की गावची जिल्हा परिषदेची शाळा सोडण्याआधी हा नियम कोणाकडून तरी समजून घ्या.

इंग्रजीची धास्तीही नको. पेपर मराठीतून देता येतो. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यांत बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न ५० गुणांचे, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांचे आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांचे. म्हणजे अर्धा पेपर आकृत्यांचा: वेगळी आकृती ओळखा, अर्धी आकृती पूर्ण करा, आरशातली ओळखा. आम्ही मोठा क्लास लावला नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या, रोज एक तास बसवले. अपूर्णांक आणि टक्केवारी तिच्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर करून घेतली. उताऱ्यासाठी रोज वर्तमानपत्रातली चार वाक्ये मोठ्याने वाचायची, आजीला अर्थ सांगायचा. आजीला पटले की उतारा समजला.

कागदपत्रांचेही बोलले पाहिजे. फॉर्म फुकट असतो, ऑनलाइन भरतात, त्याला मुख्याध्यापकांची सही लागते. जिल्हा एकच असावा लागतो: राहणे आणि पाचवीचे शिक्षण त्याच जिल्ह्यातले. जातीच्या दाखल्याची गोष्ट आपल्या समाजाने नीट ऐकावी. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. नवोदय केंद्राची संस्था आहे, म्हणून दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. निकाल लागल्यावर तहसीलच्या चकरा मारण्यापेक्षा मुलगी चौथीत असतानाच तो काढून ठेवा.

आता दुसरा प्रश्न, धाडसाचा.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी आमच्या मुलीच्या एक वर्ष आधी निवडली गेली होती. गावात सत्कार झाला, नारळ-पुष्पगुच्छ झाले. मग घरात बसून विचार सुरू झाला. मुलगी एकटी कशी राहील, धाकट्याला कोण सांभाळील, उद्या काही झाले तर? प्रवेशाची तारीख निघून गेली. तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला मिळाली. "पुढच्या वर्षी पाहू" असे घरचे म्हणाले, पण नवोदयची सहावीची परीक्षा एकदाच देता येते, तिची दुसरी संधी नसते. ती पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिने वडिलांना एवढेच विचारले, "बाबा, पाठवायचंच नव्हतं, तर मग फॉर्म कशाला भरला?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला उत्तर नाही. आईबाप दुष्ट नव्हते, त्यांचा जीव होता लेकीवर. पण त्यांनी परीक्षा आधी ठेवली आणि निर्णय नंतर. आम्ही ठरवले की आपल्या घरी आधी निर्णय आणि मग परीक्षा. पाठवायचे नक्की झाले तरच फॉर्म भरायचा.

म्हणून फॉर्मच्या आधी घरात सगळ्यांना बसवले. आमची आई म्हणाली, "एवढ्याशा पोरीले कायले धाडता? पोरीची जात हाय." आम्ही तिला गप्प केले नाही. तिच्या भीतीत खरे काय आहे ते वेगळे काढले. पोरीला पाळी आली तर कोण सांगेल? रात्री आजारी पडली तर कोण उठेल? हे प्रश्न म्हाताऱ्या बाईचे म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. ते आम्ही वहीत लिहून घेतले आणि शाळेत जाऊन विचारले. मुलींचे वसतिगृह वेगळे आहे का, रात्री तेथे शिक्षिका राहतात का, नर्स आहे का, संडास-न्हाणीघराची दारे-कड्या धड आहेत का, घरी बोलायचे कसे, भेटीचे दिवस कोणते. वरच्या वर्गातल्या दोन मुलींशी तिच्या आईने एकटीने बोलून घेतले. आम्हाला तेथली उत्तरे पटली. पटली नसती तर फॉर्म भरला नसता, मग शाळा कितीही नावाजलेली असो. निवड परीक्षा त्यांनी आपल्या मुलीची घ्यायची, तशी आपणही शाळेची घ्यावी.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. सुरुवातीच्या वर्षांत मराठीतून शिकवतात, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून. शिवाय नववीत काही मुला-मुलींना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात. हे प्रवेशानंतर कळले तर घाबरगुंडी उडते.

मग तिला विचारले. दहा वर्षांच्या पोरीला काय कळते, असे काहीजण म्हणाले. तिने विचार करून दोन गोष्टी सांगितल्या. "मी जाते. पण मला करमलं नाही तर दिवाळीपर्यंत थांबीन, मग तुम्ही ऐकायचं." आणि दुसरी, "माझ्या मागं घरचं काम दादानं करायचं, आईनं एकटीनं नाही." दुसरी अट ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहातच राहिलो. मुलगी घराबाहेर जाते तेव्हा घरातले कोणते काम ती आजवर करत होती, ते उघडे पडते. पाणी भरणे, भांडी, धाकट्याला खेळवणे. अनेक घरांत "सुरक्षितता" हे कारण सांगतात, पण आत हे काम असते. आता आमचा मुलगा भांडी घासतो. त्याचे काही बिघडले नाही.

पहिले तीन महिने कठीण गेले, हे लपवत नाही. ती फोनवर रडायची, आजी इकडे जेवायची नाही. दिवाळीच्या सुटीत आम्ही शब्दाप्रमाणे तिला विचारले. ती म्हणाली, "जाते परत. माझी हॉलीबॉलची टीम आहे." एवढेच. ती जर "नाही" म्हणाली असती, तर आम्ही तिला परत आणली असती आणि तेही तिचे अपयश समजलो नसतो.

ज्यांची निवड होत नाही त्यांच्याबद्दल. ८० जागा म्हणजे जिल्ह्यातल्या बहुतेक हुशार मुली बाहेरच राहणार. त्या नापास नाहीत. समाजकल्याणच्या शासकीय निवासी शाळा आहेत. साताऱ्याला १९६१ पासून सैनिक शाळा आहे; सैनिक शाळांत २०२१-२२ पासून मुलींनाही घेतात, मात्र तेथे फी असते, ती आधी पाहून घ्यावी. आणि गावची शाळा आहेच. दहाव्या वर्षी दोन तासांत दिलेल्या एका पेपराने मुलीची किंमत ठरत नाही, हे निकालाच्या दिवशी नव्हे, फॉर्मच्या दिवशीच तिला सांगून ठेवा.

शेवटी विहार समितीला एक विनंती. आपल्या वस्तीतल्या तिसरीच्या मुलींची यादी करावी. चौथीत दाखले काढून द्यावेत. पाचवीत दर रविवारी वंदनेनंतर तासभर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. आणि फॉर्म भरण्याआधी त्यांच्या आया, बाप आणि आज्या, सगळ्यांना एका गाडीत घालून एकदा शाळा दाखवून आणावी. गाडीचे अर्धे भाडे आम्ही देऊ. आपल्यातल्या कोणत्याही मुलीवर पुन्हा बापाला तसे विचारण्याची पाळी येऊ नये, एवढीच इच्छा आहे.