फरारी कोणाला म्हणायचे?
(लोणी भापकर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



लोणी भापकरहून पश्चिमेकडे निघाले की पुरंदर तालुका दूर नाही. त्या तालुक्यातल्या भिवडी गावी उमाजी नाईकांचा जन्म झाला. रामोशी हा मूळचा गावाचा आणि गडाचा राखणदार. पेशवाईच्या अखेरीस आणि पुढे कंपनी सरकारच्या अमलात त्याचे जुने हक्क गेले आणि राखणदाराचाच दरोडेखोर झाला. कंपनीने उमाजींना काही काळ माफी देऊन चाकरीत घेतले, पुन्हा फरारी ठरवले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. माणूस तोच होता. बदलत होती ती सरकारची गरज.

त्यानंतर वर्षभरातच, १८३३ साली, रामोशी समाजावरचा पहिला विस्तृत ग्रंथ निघाला. त्याचा लेखक कॅप्टन मॅकिंटॉश हा उमाजींविरुद्धच्या मोहिमेतला अधिकारी होता. ज्याने पाठलाग केला त्यानेच इतिहास लिहिला आणि पुढच्या अभ्यासकांना त्याच्याच कागदांवर विसंबावे लागले. सरकारी दप्तरातला ‘दरोडा’ हा शब्द उलटून वाचला तर त्यामागे उठाव दिसू शकतो, हे रणजित गुहा यांनी साधार मांडले ते १९८३ साली.

ललित साहित्याने हे काम आधीच केले होते. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिचा मांग समाजातला नायक दुष्काळात माणसे जगावीत म्हणून धान्य लुटतो. त्याच वर्षी एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने ‘सामाजिक दरोडेखोर’ ही कल्पना मांडली : कायद्याच्या लेखी गुन्हेगार, पण गावाच्या लेखी आपला. वाटेगावचा शाहीर आणि लंडनचा प्राध्यापक, दोघांनीही एकच प्रश्न विचारला : कायदा कोणाचा?

तथापि भाबडेपणा नको. अंतोन ब्लोक यांनी १९७२ साली हॉब्सबॉमला आक्षेप घेतला, की अनेक दरोडेखोर जमीनदारांच्याच पदरी राहून गरिबांना धाकात ठेवत. हा आक्षेप खरा आहे. बंडखोर एखाद्या सावकाराला धडा शिकवतो, सावकारी मोडत नाही. १८७५ च्या मे महिन्यात इथून जवळच्या सुप्यात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. त्या उठावात कोणी एक नायक नव्हता, गावेच्या गावे होती. म्हणूनच सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. संघटनेचे बळ ते हेच.

आता कायद्याचा तराजू पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, मूल जन्मताच संशयित ठरवले. हजेरी चुकली की माणूस फरारी. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. रामोशी आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पण यादीतून संशय विमुक्त झाला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले, तेव्हा पाठलाग होणारा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला.

दुसऱ्या पारड्यात २०१८ चा फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा आहे. त्याखाली फरारी ठरण्यासाठी किमान १०० कोटी रुपयांचा गुन्हा लागतो! एकाला फरारी व्हायला एका रात्रीची गैरहजेरी पुरत होती, दुसऱ्याला शंभर कोटी लागतात. आणि परदेशी निसटलेल्या धनिकाच्या जातीला कोणी हजेरी लावायला सांगत नाही.

उमाजींच्या पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणत्या वस्तीवर जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या रात्री पोलिसांच्या गाडीपुढे त्या वस्तीच्या बाजूने जो उभा राहील, त्यानेच ‘फकिरा’ वाचली असे म्हणता येईल.